विघटन : कुजणे, फोडणे आणि सुटे करणे

इंग्रजीत 'डिकॉम्पोझिशन' हा एकच शब्द आहे. तो जीवशास्त्राच्या तासाला येतो, रसायनशास्त्राच्या तासाला येतो, आणि गणिताच्या वरच्या वर्गात तर पदोपदी येतो. मराठीत मात्र त्याची वाटणी झाली आहे. पाने कुजली की 'विघटन', चुनखडी तापवली की 'अपघटन', पाण्यातून वीज सोडली की 'विद्युत अपघटन', संख्या फोडली की 'अवयव', बल फोडले की 'घटक', आणि घरी आई बोलते ते 'सडणे'. आमच्याकडे तिरोडा-गोरेगाव भागातल्या खेड्यांतून जी मुले महाविद्यालयात येतात, त्यांतील बहुतेकांच्या घरात या शब्दांपैकी शेवटचाच तेवढा बोलला जातो. बाकीचे सारे त्यांना पुस्तकातून घ्यावे लागतात, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या डबीत ठेवलेला असल्यामुळे, या सगळ्यांच्या मुळाशी एकच विचार आहे हे त्यांना कुणी सांगतच नाही. घरातला पहिला पदवीधर असलेल्या मलाही ते कुणी सांगितले नव्हते. शिकवायला लागल्यावरच ते हळूहळू उमगत गेले.

हा विचार साधा आहे. एखादी गोष्ट आपल्यासमोर एकसंध दिसते. ती कशाकशाची बनली आहे हे पाहायचे तर ती फोडावी लागते. फोडली की चार प्रश्न उभे राहतात. तुकडे कोणते? ते तुकडे वस्तूचे स्वतःचे आहेत, की आपण सोयीसाठी पाडले? दुसऱ्या रीतीने फोडले असते तर वेगळे तुकडे मिळाले असते का? आणि तुकडे पुन्हा जोडले तर मूळ वस्तू परत मिळेल का? शास्त्र कोणतेही असो, विघटनाची चर्चा या चार प्रश्नांभोवतीच फिरते. समाजाविषयी बोलतानाही आपण याच प्रश्नांपाशी येतो, पण त्याकडे नंतर वळू.

बोदलकसाचा तलाव या भागातल्या वाचकांना ठाऊक आहे. तिरोडा तालुक्यातले हे मातीचे धरण १९१७ सालचे. भोवती साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे रान. उन्हाळ्याच्या तोंडाशी रान उघडे पडते आणि जमिनीवर पानांचा थर साचतो. पहिल्या पावसाचे ओघळ त्यातली बरीच पाने तलावात आणून टाकतात. पान पाण्यात पडले की आधी त्यातले विरघळणारे पदार्थ बाहेर पडतात. साखर, क्षार आणि तुरट टॅनिन काही दिवसांतच पाण्यात उतरतात. ओढ्याच्या डबक्यातले पाणी चहासारखे तांबूस दिसते ते यामुळेच. मग बुरशी येते, जंतू येतात. पानाचा मोठा भाग सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. जंतूंची विकरे ही साखळी कडीकडीने तोडतात. त्याच पानात लिग्निन नावाचा कठीण, गुंतागुंतीचा पदार्थ असतो. तो तोडणे थोड्याच बुरशींना जमते आणि त्याला फार वेळ लागतो. म्हणून पानाचा मऊ भाग आधी जातो, शिरांची जाळी तेवढी उरते, आणि पुढे तीही काळसर चिखलात मिसळते.

येथे कुजणाऱ्या पानाचे काहीच 'नष्ट' होत नाही. कर्ब, नत्र, स्फुरद यांचा अणूअणू हिशोबात राहतो. कर्बाचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, थोडा जंतूंच्या शरीरात जातो, थोडा मातीत उरतो. मात्र पानाची रचना परत मिळत नाही. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे येथे कशीबशी देता येतात. चौथ्याचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. पुन्हा पान हवे असेल तर सूर्यप्रकाश आणि झाड लागते.

शेतकऱ्याला या कुजण्याचा हिशोब अनुभवाने कळतो, त्याचे गणित मात्र त्याला कुणी मांडून दाखवत नाही. ते फारसे कठीण नाही. शंभर किलो वाळलेली धानाची तणस घ्या. तिच्यात सुमारे चाळीस किलो कर्ब असतो आणि नत्र जेमतेम अर्धा किलोभर. ती बांधीत गाडली की जंतू तिच्यावर तुटून पडतात. खाल्लेल्या कर्बाचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा, म्हणजे तेरा किलो, ते आपल्या शरीरासाठी वापरतात आणि उरलेला श्वासावाटे सोडतात. पण जंतूंच्या शरीरात दर आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो. तेरा किलो कर्बासाठी नत्र हवा एक किलो सहाशे ग्रॅम. तणशीत आहे अर्धा किलो. उरलेला किलोभर नत्र जंतू जमिनीतून ओढतात, आणि तो धानाच्या वाट्याचा असतो. कच्ची तणस गाडून लगेच रोवणी केली तर धान पिवळे पडते, त्याचे कारण हे. पाण्याखालच्या चिखलात जंतूंची वाढ मंद असल्याने ही ओढ थोडी कमी असते, एवढाच फरक. हेच शेणात कालवून उकिरड्यात कुजू दिले की जादा कर्ब आधीच उडून जातो आणि खत बांधीत पडते तेव्हा नत्र घेण्याऐवजी देते. उकिरडा हा गावातला सर्वांत तिरस्कृत कोपरा. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर गावातला एकमेव कारखाना.

पानावर हवा खेळत असेल तर कुजणे एका वाटेने जाते. चिखलाखाली, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, वाट वेगळी. तेथले जंतू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरले नाही की मिथेन तयार होतो. तलावाच्या काठच्या गाळात काठी खुपसली तर बुडबुडे येतात, त्यांत हा मिथेन असतो. १७७६ साली इटलीतील व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या काठच्या गाळातून तो गोळा केला आणि पेटवून दाखवला. सल्फेट वापरले जाते तेव्हा हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच वायू. त्याच्याकडे शेवटी परत यावे लागेल.

एवढी सारी प्रक्रिया चालते तेव्हा तिच्याजवळ जाऊन काम कोण करतो? गावगाड्यात मेलेले ढोर ओढणे, त्याचे कातडे सोलणे, कातडे कमावणे, मैला उचलणे ही कामे ठराविक जातींवर लादली गेली, आणि काम करणाऱ्यालाच अपवित्र ठरवले गेले. कातडे कमावणे म्हणजे विघटन थांबवणे होय. कच्चे कातडे दोन दिवसांत सडू लागते, कारण त्यातले कोलॅजेन हे जंतूंचे अन्न आहे. बाभळीची किंवा ऐनाची साल पाण्यात भिजवली की टॅनिन उतरते. ते कोलॅजेनच्या धाग्यांना असे जखडते की जंतूंच्या विकरांना तेथे दात रोवता येत नाहीत. पान कुजताना तलावाच्या पाण्यात उतरणारे ते तुरट द्रव्य आणि ढोर-चांभारांच्या कुंडातले हे द्रव्य एकाच जातकुळीचे. सालीचे प्रमाण किती, पाणी कधी बदलायचे, कातडे कधी उलटायचे हे प्रायोगिक रसायनशास्त्र आहे. ज्यांनी ते पिढ्यानपिढ्या हातांनी केले त्यांना या देशात कुणी रसायनज्ञ म्हटले नाही. उलट, ज्यांनी कुंडाला कधी हात लावला नाही त्यांनी शुद्धाशुद्धतेची शास्त्रे लिहिली.

या कामाला नकार दिला की गावाला त्याचे मोल कळते. बाबासाहेबांनी १९२७ च्या महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश केला, आणि पुढे ढोरे ओढायचे सोडण्याची चळवळ गावोगाव गेली. २०१६ च्या जुलैत गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली, तेव्हा तेथील दलितांनी ढोरे उचलणे बंद केले आणि सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मृत जनावरे आणून टाकली. कुजण्याला वर्ण नसतो. ते कुणाच्याही दारात सुरू होते.

रसायनशास्त्रातील अपघटन याहून बरेच स्वच्छ आहे. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवली की शंभर किलोंमागे छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. चुना विरवून भिंतीला लावला की तो हवेतून हळूहळू तोच वायू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे येथे चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आहे. फोडलेले जोडता येते.

पाण्याची गोष्ट अधिक मोठी. जगभरच्या प्राचीन विचारांत पाणी हे मूलतत्त्व होते. आपल्या पंचमहाभूतांतही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिएने पाणी फोडून आणि पुन्हा बनवून दाखवले, आणि १८०० साली निकल्सन व कार्लाइल यांनी विजेच्या साहाय्याने ते फोडले. अठरा ग्रॅम पाण्यातून दोन ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम प्राणवायू. कोणत्याही विहिरीचे, कोणत्याही नदीचे पाणी घ्या, हे प्रमाण बदलत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्याले, आणि नंतर सवर्णांनी तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या घागरी ओतल्या. आता हे केवळ रसायन म्हणून पाहा. शेण, दूध, दही हे सारे जंतूंचे खाद्य. ते पाण्यात पडले की जंतू वाढतात आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खातात. पाणी किती घाण झाले हे आजच्या प्रयोगशाळा ज्या मापाने मोजतात, ते माप या घागरींनी वाढवलेच असणार. माणसाने ओंजळभर पाणी पिण्याने ते वाढत नाही.

गणितात फोडणे फार जुने. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन. कोणत्याही वाटेने फोडा, शेवटी दोनदा दोन आणि एकदा तीन एवढेच हाती लागते. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकमेव असतात, हा सिद्धांत अंकगणिताचा पाया मानला जातो. त्याची बीजे युक्लिडमध्ये आहेत आणि काटेकोर मांडणी गाउसने १८०१ साली केली. बेरजेला हा गुण नाही: दहा म्हणजे सात अधिक तीन, किंवा पाच अधिक पाच, काहीही. म्हणून फोडणे कोणत्या क्रियेने चालले आहे हे आधी सांगावे लागते.

हा एकमेवपणा आपोआप मिळत नाही, हे दाखवणारे एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. समजा, चारने भागल्यावर एक उरतो अशाच संख्या वापरायची परवानगी आहे: एक, पाच, नऊ, तेरा, सतरा, एकवीस, पंचवीस वगैरे. यातील कोणत्याही दोघांचा गुणाकार याच यादीत येतो, तेव्हा हे राज्य स्वयंपूर्ण आहे. येथे नऊ फुटत नाही, कारण तीन यादीत नाही. एकवीस फुटत नाही, कारण तीन आणि सात दोन्ही बाहेर आहेत. एकोणपन्नासही फुटत नाही. आता चारशे एक्केचाळीस फोडा. ते एकवीस गुणिले एकवीस आहे, आणि नऊ गुणिले एकोणपन्नासही आहे. दोन वेगळी फोड, दोन्ही अखेरची! एकमेवपणा गेला. तो का गेला? तीन आणि सात यांना राज्यात प्रवेशच नव्हता म्हणून. खरे अवयव बाहेर ठेवले, आणि आत जे उरले त्यांनाच 'मूळ' म्हणून मान दिला. विद्यार्थी येथे हसतात. त्यांना वेगळे काही समजावावे लागत नाही.

फोड वस्तूची की लिहिण्याच्या पद्धतीची, हा दुसरा प्रश्न. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या पाहा. पंचेचाळीसचा वर्ग २०२५. तो मधोमध तोडा, वीस आणि पंचवीस, बेरीज पुन्हा पंचेचाळीस. पंचावन्नचा वर्ग ३०२५. तीस आणि पंचवीस. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि आपल्याकडच्या गणिती वर्तुळांनी त्यांना दीर्घकाळ गांभीर्याने घेतले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर नाव जगभर झाले. पण हेही सांगितले पाहिजे की दोन हजार पंचवीस या संख्येत 'वीस' आणि 'पंचवीस' असे तुकडे नाहीत. आपण दहाच्या पाढ्याने लिहितो म्हणून ते दिसतात. आठच्या पाढ्याने लिहिले असते तर ही गंमत भलत्याच संख्यांत दिसली असती. तीन आणि पाच हे मात्र तिचे अवयव कोणत्याही लिपीत राहतातच. काही सीमा वस्तूत असतात, काही नोंदवहीत.

आणि काही सीमा आपण सोयीने निवडतो. ढिवर बांधव डोंगा काठावरून दोरीने ओढतात तेव्हा दोर डोंग्याच्या दिशेत नसतो, तिरपा असतो. चाळीस किलोचा जोर तीस अंशांच्या तिरप्या दोरीने लावला तर सुमारे पस्तीस किलो डोंग्याला पुढे नेतात आणि वीस किलो काठाकडे ओढतात. पस्तीस आणि वीस मिळून पंचावन्न होतात, मग जादा पंधरा आले कोठून, असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. उत्तर असे की काटकोनातले घटक साध्या बेरजेने जुळत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. आडवा-उभा ही दिशांची निवड आपली. एकदा निवडली की फोड एकमेव.

सूर आणि ताल फोडण्याचे शास्त्र फूरिएपासून सुरू होते. उष्णता धातूच्या पट्टीतून कशी पसरते याचा विचार करताना त्याने १८०७ साली मांडले, आणि १८२२ च्या ग्रंथात विस्ताराने दाखवले, की कोणताही आवर्ती आकार साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येतो. तारेच्या वाद्यात या लहरी मूळ लहरीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या असतात, म्हणून सूर स्पष्ट लागतो. ताणलेल्या साध्या कातड्यात तसे होत नाही. तेथे मुळाच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा बेमेळ लहरी निघतात. डफाचा आवाज भरदार असतो, पण त्यात नेमका सूर सापडत नाही. तबला आणि पखवाज यांत मात्र सूर लागतो. १९२० च्या आणि १९३४ च्या लेखांतून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्याचे कारण दाखवले: पुडीच्या मधोमध चढवलेल्या शाईच्या थरामुळे कातड्याच्या लहरी जवळजवळ एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटींत येऊन बसतात. म्हणजे बेमेळ लहरींना मेळात आणण्याचा प्रश्न रामन यांच्या फार पूर्वी कुणीतरी सोडवला होता. शाईचा थर किती जाड, किती रुंद, कोणत्या क्रमाने घोटायचा हे हाताने आणि कानाने ठरवले गेले. कातड्याला हात लावणारी माणसे कोणत्या जातींची होती हे सांगायला नको. वादकाचे घराणे असते. पुडी घालणाऱ्याचे नसते.

मराठी माणसाच्या हातून या संकल्पनेत पडलेली सर्वांत मोठी भर दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आहे, आणि ती आपल्या वाचकांना फारशी ठाऊक नाही. कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून परिचित आहेत. १९५६ चा त्यांचा भारतीय इतिहासाचा ग्रंथ आपल्या अभ्यासमंडळांत वाचला जातो. बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे ते चिरंजीव, गोव्यात १९०७ साली जन्मले, हार्वर्डला शिकले, पुण्यास फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. १९४३ साली त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यातला विचार असा. बोदलकसाच्या पाण्याची पातळी समजा आपण रोज मोजली आणि पन्नास वर्षांच्या पन्नास वक्ररेषा काढल्या. प्रत्येक रेषा वेगळी. फूरिएच्या रीतीने त्या ठरलेल्या लहरींत फोडता येतील, पण त्या लहरी आपण बाहेरून आणलेल्या. कोसंबी विचारतात: या रेषांनाच विचारून तुकडे ठरवता येतील काय? येतात. आधी असा एक आकार शोधायचा की जो सर्व वर्षांतील चढउताराचा जास्तीत जास्त भाग एकटा सांगतो. तलावाच्या बाबतीत तो बहुधा एकूण पाऊस कमी की जास्त हे सांगेल. मग उरलेल्यातला जास्तीत जास्त सांगणारा दुसरा, कदाचित पाऊस लवकर आला की उशिरा हे सांगणारा. असे एकामागून एक. अट एवढीच की एका आकाराचे प्रमाण कळल्याने दुसऱ्याच्या प्रमाणाचा अंदाज येता कामा नये. म्हणजे ते परस्परांशी निगडित नसावेत. तसे झाले की थोड्या घटकांत पुष्कळ माहिती मावते. फिनलंडचे करहुनेन आणि फ्रान्सचे लोएव याच निष्कर्षाला त्यानंतर काही वर्षांत पोहोचले, आणि पुष्कळ ग्रंथांत त्या दोघांचीच नावे राहिली. अलीकडे कोसंबींचे नाव त्यांच्या आधी जोडले जाऊ लागले आहे. हवामानाचे नकाशे, वाहत्या पाण्यातले भोवरे, चेहऱ्यांची छायाचित्रे या सर्वांच्या अभ्यासात ही रीत आज वापरली जाते.

परस्परांशी निगडित नसलेले घटक शोधणे, ही अट कळली की बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध वेगळ्या नजरेने वाचता येतो. कोलंबिया विद्यापीठात त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्यासमोर सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या होत्या. प्रत्येकात लक्षणांची यादी: सोवळेओवळे, सहभोजनाचा निषेध, वंशपरंपरागत धंदा, समान नाव, समान पूर्वज. बाबासाहेब एकेक लक्षण उचलतात आणि विचारतात, हे मूळ आहे की दुसऱ्याचा परिणाम? सोवळेओवळे हे जातीचे अंग होते कारण पुरोहितवर्ग जातीच्या शिखरावर होता. ते काढले तरी जातीची यंत्रणा चालू राहते. सहभोजनाचा निषेध हाही जात बंद झाल्याचा परिणाम.

श्रीधर व्यंकटेश केतकरांविषयी त्यांना आदर आहे. केतकरांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात दोन लक्षणे दिली: जातीत जन्मलेल्यालाच सदस्यत्व, आणि जातीबाहेर विवाहास बंदी. बाबासाहेबांचा आक्षेप येथे अगदी गणिती आहे. बाहेर विवाह बंद केला, की बाहेर जन्मलेल्याला आत येण्याची वाटच उरत नाही. म्हणजे ही दोन लक्षणे दोन नाहीत. पहिले दुसऱ्यातून निघते. स्वतंत्र घटक एकच: विवाहबंदी. त्या एका घटकापासून ते पुढे दाखवतात की गटात स्त्री-पुरुषांचा समतोल राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा कशा लागतात. थोड्या घटकांत पुष्कळ सांगणे ते हेच. यानंतर वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी लिहिले; फोड कशाची चालली आहे हे नीट पाहण्याचीच ती सवय होती.

पाली वाङ्मयात भगवान बुद्ध स्वतःला 'विभज्जवादी' म्हणवतात. सरसकट होय किंवा नाही न म्हणता प्रश्न विभागून उत्तर देणारा, असा त्याचा अर्थ. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला रथाविषयी विचारतात: चाके म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? एकही तुकडा रथ नाही, आणि तुकड्यांखेरीजही रथ नाही. बाबासाहेबांनी बौद्ध धम्म का निवडला याची अनेक कारणे आहेत. विचाराची ही रीत त्यांना अनोळखी वाटली नसावी, एवढेच येथे म्हणतो.

आता त्या वायूकडे. गटारात आणि शौचकूपाच्या टाकीत प्राणवायू पोहोचत नाही. सल्फेटावर जगणारे जंतू तेथे हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. हवेत अगदी अल्प असताना त्याचा वास येतो; पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास तो गेला की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि तो तर वाढलेला असतो. पाचशेच्या पुढे माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. त्यात भर म्हणजे हा वायू गाळात अडकून राहतो. वरून टाकी शांत दिसते. माणूस उतरतो, फावड्याने गाळ ढवळतो आणि वायू एकदम सुटतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. वृत्तपत्रांत एकाच टाकीत दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा.

हाताने मैला उचलण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ चा अधिक व्यापक कायदा त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरपासून लागू झाला, आणि संरक्षक साधनांविना गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. कामावर लावणाऱ्यांकडून पुष्कळदा 'तो आपल्या मर्जीने उतरला' असे सांगितले जाते. कायद्यात मर्जीचा प्रश्न येत नाही.

आपल्या गावात वा मोहल्ल्यात टाकी उपसायची असेल तर यंत्राची गाडीच मागवावी, आणि उघडलेल्या टाकीत माणूस उतरू देऊ नये. वासावर विसंबू नये. जळता कंदील आत सोडून पाहण्याची जुनी रीत तर मुळीच वापरू नये, कारण टाकीत मिथेनही असतो आणि तो पेटतो. कुणी आत कोसळला असेल तर दोरी आणि हवेचे उपकरण असल्याखेरीज दुसऱ्याने उतरू नये. अग्निशमन दलाला बोलवावे. मृत्यू झाला तर पोलिसांत नोंद करताना २०१३ च्या कायद्याचा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा उल्लेख लेखी करून घ्यावा, आणि शवचिकित्सेचा अहवाल मागून घ्यावा. मृत्यूचे कारण वायू होते हे त्या अहवालात लिहिले गेले आहे की नाही, ते तेथेच उभे राहून वाचावे.